करंगळीकडचं हाड

दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, अर्नाळ्याहून कोणी कतरीनबाई बोलतायत. रडतायत." मी सातवीला सांधे शिकवत होते. खडू हातात तसाच घेऊन खाली गेले. "बाय, तुजा मामा गेला गं," पलीकडून आधी एवढंच, मग हुंदके देत बाकीचं. जेवून खाटेवर आडवे झाले, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत... मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि वेड्यासारखी वर जाऊन तो तास पुरा केला. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, खांदा म्हणजे उखळीचा. मुलं वहीत उतरवून घेत होती आणि माझ्या मनात येत होतं, हे ज्या माणसाकडून मी खरं शिकले तो तर गेला. आज त्याला पाच आठवडे झाले.

इनासमामा माझे सख्खे मामा नव्हेत, लांबचेही नव्हेत. माणिकपुरात एक हाडांचा दवाखाना होता, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, त्या दवाखान्यात ते प्लास्टर घालायचे. डॉक्टर एक्स-रे बघणार, हाड बसवणार, "इनास, घे" म्हणून हात धुवायला जाणार, आणि पुढचं सगळं मामांचं. शिक्षण चौथी. वडलांची होडी होती, पण यांना समुद्र लागायचा! अर्नाळ्याच्या कोळ्याच्या पोराला होडीत ओकाऱ्या होतात म्हटल्यावर गावानं काय थट्टा केली असेल बघा. म्हणून ते दवाखान्यात चिकटले आणि तीस वर्षं अख्ख्या वसई-विरारचे मोडलेले हातपाय बांधत राहिले. ठेंगणा माणूस, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल, नखांच्या कडांना कायमचा पांढरा चुना. हाडांची इंग्रजी नावं त्यांना यायची पण तोंडात बसायची नाहीत. कोपराच्या पुढे हातात दोन हाडं असतात, एक आंगठ्याकडचं आणि एक करंगळीकडचं, संपलं. माझं मोडलं ते करंगळीकडचं.

आता हे लिहायचं की नाही यावर मी पाच आठवडे घालवले. लिहायचं तर सगळं लिहायला हवं, नाहीतर मामांविषयी काय सांगणार, चांगले होते, प्रेमळ होते? तसे तर सगळेच गेल्यावर होतात. तर ऐका. मी कराडची. नव्वदच्या दशकात लग्न होऊन इथे आले, तेव्हा वसईत नुसत्या इमारती उगवत होत्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची जागा होती आणि लिफ्ट नव्हती. नवरा मुंबईत चांगल्या नोकरीला, सोसायटीचा सेक्रेटरी, आवाज इतका मऊ की शेजारच्या काकू म्हणायच्या, नशीब काढलंस हो. त्याचं नाव लिहीत नाही, कशाला फुकटची प्रसिद्धी. हा मऊ आवाजाचा माणूस दार लावलं की पडद्याची लोखंडी नळी काढायचा. तशी ती एका बाजूनं सैलच ठेवलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा तोच घेऊन गेला, माझी पर्स त्याच्या खांद्याला. डावा हात सुजून टम्म. "बाथरूममध्ये पडली हो, कितीदा सांगितलं, फरशी ओली असते," हे तो काउंटरवर म्हणाला, डॉक्टरांना म्हणाला, बाकावर बसलेल्या एका म्हातारीलाही म्हणाला. केसपेपर मात्र मीच भरला. उजवा हात धड होता ना! सुंदर अक्षरात लिहिलं, बाथरूममध्ये घसरून पडले. विज्ञानाची शिक्षिका मी, अभ्यासक्रमात सांगाडा शिकवणारी. डॉक्टरांपुढे रांग मोठी होती. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला, "सरकलेलं नाही, सहा आठवडे" म्हणाले आणि मला प्लास्टरच्या खोलीत पाठवलं.

नवरा मागोमाग आत आला. मामांनी बादलीत पाणी घेतलं होतं. त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "साहेब, तुम्ही भायेर बसा. चुन्याचं पानी उडतं, तुमचे इस्त्रीचे कपडे हायत." तो गेला. मामांनी दार लोटलं, आधी कापूस गुंडाळला, मग पांढरी पट्टी पाण्यात धरून बुडबुडे थांबायची वाट बघत बसले. आणि बुडबुड्यांकडे बघतच म्हणाले, "बाई, कश्या पडलात ते दाखवा बघू." मी उजवा हात पुढे करून दाखवलं, पडताना माणूस टेकतो तसा. ते म्हणाले, "हां. मग मनगटापाशी मोडायला पायजे. आंगठ्याकडचं. पडनारी मान्सं तिथंच मोडतात, शंभरातली नव्वद. तुमचं मोडलंय मदोमद, आनि करंगळीकडचं." मी म्हटलं, "बादलीच्या काठावर आपटला असेल." त्यांनी पट्टी पिळली, बाजूला ठेवली, आणि स्वतःचा डावा हात कपाळावर आडवा धरला, डोक्यावर काही येत असताना धरावा तसा. मग उजव्या हाताच्या बोटानं त्या हाताची बाहेरची कड दाखवली. बरोबर तीच जागा... मी रडले बिडले नाही, मला राग आला. या माणसाला काय करायचंय, असं वाटलं. त्यांनी हात खाली घेतला आणि गुमान प्लास्टर घालायला लागले. ओलं प्लास्टर आधी गार लागतं आणि मग सुकताना ऊन होत जातं. ते ऊन व्हायला लागलं तेव्हा मामा म्हणाले, "मी बोलनार नाय कुनाला. पन दर आठ दिवसांनी मला दाखवायचं."

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला ऐकवलं, "साहेब, हे प्लास्टर लय नाजूक जागेचं हाय. दर आयतवारी... नाय, आयतवारी मी चर्चला असतो, दर शनवारी बाईंना आनायचं. रंग बदलला, बोटं सुजली, काय बी झालं तरी मला कळलं पायजे." नवरा मान डोलावत राहिला. अहो, साध्या न सरकलेल्या हाडाला दर आठवड्याला कोण बोलावतं? पण नवऱ्याला हाडातलं काय कळतंय! दर शनिवारी मी मामांसमोर बसायची. ते माझी बोटं दाबून बघायचे, दुसरा हात बघायचे, मान बघायचे, चालायला लावायचे. हाताचं प्लास्टर आणि चालून दाखवा, असं. आणि शनिवारी दाखवायचं आहे म्हणून घरात सहा आठवडे नळीला हात लागला नाही. लाज वाटते सांगायला, पण माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस ते, कोपरापासून वाकलेल्या त्या पांढऱ्या ओझ्यातले. सातव्या शनिवारी मामांनी करवतीनं प्लास्टर दोन बाजूंनी उभं कापलं आणि शिंपला उघडावा तसं उघडलं. आतला हात बारीक, सालपटं निघालेला. अर्धं प्लास्टर त्यांनी टोपलीत टाकलं आणि अर्धं उचलून कपाटावर ठेवलं. "हे मी ठेवतो," म्हणाले. "लागलं तर न्यायला या." मला वाटलं, काय विचित्र माणूस आहे.

सहा महिने बरे गेले असं मी म्हणायची, म्हणजे मोडलं काही नाही. मग एकदा, कारण विचारू नका, कारण नसायचंच, त्यानं माझा तोच हात पाठीमागे नेऊन पिरगाळला आणि खांदा निखळला. मी मुलांना सांगते ना, उखळीचा सांधा सगळीकडे फिरतो, म्हणून तर आपण गोलंदाजी करू शकतो. फिरतो खरा, पण उखळ उथळ असते, गोळा बाहेर यायला वेळ लागत नाही. पुन्हा तोच दवाखाना, कारण दुसरा लांब होता. "बसचा दांडा धरला होता, झटका बसला," हे त्याचं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मामांनी माझ्या छातीभोवती चादर गुंडाळून मागे ओढून धरली आणि डॉक्टरांनी हात पुढे ओढला. खट्ट वाजलं. गुंगीत मला मामांचा चेहरा उलटा दिसत होता. पट्टा बांधायला दार लोटलं गेलं तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, मी हे लय बघितलंय. पयलं करंगळीकडचं. मग खांदा. त्याच्या पुढचं सांगू?" मी मान हलवली, नको म्हणून. तरी त्यांनी सांगितलंच. "पुढं पाय. हात मोडला तर मानूस घरातनं निघू शकतो, पाय मोडला तर नाय निघत. निघायचं तर पाय शाबूत हायत तवर निघा."

मी उलट त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, एवढं कळतं तर डॉक्टरांना सांगा, पोलिसांना सांगा, त्याला सांगा, माझ्या कानात काय कुजबुजताय! मामा पट्टा बांधायचे थांबले. मग त्यांनी राजोडी गावातल्या एका पोरीचं सांगितलं. माझ्या आधी काही वर्षांची गोष्ट. तिचंही करंगळीकडचं हाड, तसंच. मामा तेव्हा गरम डोक्याचे. दवाखान्याच्या दारात, भर गर्दीत, त्यांनी तिच्या नवऱ्याची कॉलर धरली आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं. नवरा ओल्या प्लास्टरनिशी तिला घेऊन गेला. पुन्हा आणलीच नाही. ना शनवार, ना प्लास्टर कापायला. "दोन महिन्यांनी मासळीबाजारात कळलं, ती विहिरीत सापडली. हाताला माजंच प्लास्टर होतं, बाई. मी आवाज केला आनि ती माज्या डोळ्यांआड गेली. तवापास्नं मी आवाज करत नाय. मी फक्त बघत ऱ्हातो." एवढं बोलून त्यांनी पट्ट्याची गाठ मारली.

तरी मी निघाले नाही. निघणार कुठे? आईला फोन केला तर ती म्हणाली, धाकटीचं जमतंय गं, तेवढं होऊ दे. मी पण हेच म्हणत होते, होऊ दे. मग एके दिवशी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. हातातली भाजी खाली ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, तुला हल्ली चक्कर येते म्हणे? जिना उतरताना जपून हो." मी म्हटलं, "कोणी सांगितलं?" "मिस्टर म्हणत होते. बिचारे काळजीत असतात." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनीही तेच म्हणाल्या. खालच्या किराणावाल्यानं तर मला खुर्ची दिली बसायला. अख्ख्या इमारतीला माहीत होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना चक्कर येते, एक दिवस जिन्यावरून पडणार आहेत त्या. आणि मला आयुष्यात कधी चक्कर आलेली नव्हती... त्या संध्याकाळी तो चहा पिताना म्हणाला, "उद्या गच्चीवरची टाकी बघायला जाऊ या का दोघं? जिना अरुंद आहे, मी तुझ्या मागेच राहीन." हसून म्हणाला. मी हो म्हटलं. रात्रभर मी माझे दोन्ही पाय पोटाशी घेऊन पडले होते.

सकाळी शाळेला जाते म्हणून निघाले. तिन्ही जिने भिंतीला हात लावून उतरले, बाहेर जाताना वर बघितलं नाही. योगायोग बघा, वर्गात त्या दिवशी पायाचीच हाडं होती. फळ्यावर तक्ता टांगलेला. मी छडी चित्रातल्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत हाड. आणि पुढचं वाक्य सुचेना. मुलं वाट बघत होती. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, बरं वाटत नाही. खांद्याला शाळेची पिशवी, तिच्यात डबा आणि तपासायचे पेपर, बाकी काही नाही. स्टॅंडवर जाऊन अर्नाळ्याची एसटी पकडली. मामांचं घर ठाऊक नव्हतं. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना विचारलं, "प्लास्टरवाले इनासमामा?" तर एकीनं न विचारताच माझी पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली. कतरीनमामी दारातच होत्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत हाक मारली, "अवो, तुमची शनवारवाली बाय आली." मामा त्या दिवशी पाळी बदलून घरीच होते. बाहेर आले, आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "चालत आलात. बेस."

तिसऱ्या दिवशी तो आला. कोणी सांगितलं देव जाणे. मी आतल्या खोलीत, दाराच्या फटीतून दिसत होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्यासाठी मिठाई. मऊ आवाजात म्हणाला, "तिची तब्येत बरी नसते, मामा. चक्कर येते. कुठेतरी पडेल." मामा उंबऱ्यावर बसले होते, उठले नाहीत. मला वाटलं, आता हे गप्प राहणार, हे आवाज करत नाहीत... मामांनी मामींना खूण केली. मामींनी माळ्यावरून ते अर्धं प्लास्टर काढून आणलं. दवाखान्याच्या कपाटावरून ते कधी घरी आणलं होतं, मला पत्ता नाही. मामांनी ते मांडीवर घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं, आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब, चक्कर आलेलं मानूस हात पुढं करून पडतं. हा हात डोकं वाचवायला वर केलेला हाय. तुम्ही एक्स-रे फाडला असंल, हे कसं फाडाल?" अंगणातल्या बायका हातातले बोंबील तसेच धरून उभ्या राहिल्या होत्या. तो मिठाई उंबऱ्यावर ठेवून गेला. जाताना दाराच्या फटीकडे बघून म्हणाला, "बघतो मी." ती मिठाई मामींनी समुद्रात टाकली, कोंबड्यांनासुद्धा घातली नाही.

त्या "बघतो मी" ला मी किती वर्षं भ्याले सांगू! कोर्टकचेरी झाली, सुटका झाली, माणिकपुरात खोली घेतली, शाळा तीच ठेवली. तरी जिना उतरताना मागे कोणी आलं की मी भिंतीला चिकटून त्याला आधी पुढे जाऊ द्यायची. अजूनही देते. मामा दर शनिवारी यायचे. प्लास्टर नाही, काही नाही, तरी यायचे. चहा घ्यायचे, आणि जाताना म्हणायचे, "बाई, जरा चालून दाखवा." मी चिडायची, म्हणायची, मामा, मी काय घोडी आहे का बाजारातली! पण दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायची. दवाखाना बंद झाला, मामांचे गुडघे गेले, तेव्हा मी शनिवारी अर्नाळ्याला जायला लागले आणि मामा खाटेवर बसून मला अंगणात चालायला लावायचे. आता गंमत अशी होती की त्यांना स्वतःला चालवत नव्हतं. "माजी बिजागरी गंजली," म्हणायचे. गेल्या शनिवारी तसं कुणी म्हणालं नाही. मी मेलीनं उगाच खोलीभर चालून घेतलं.

मयताला फार गर्दी होती. पेटीत त्यांचे हात जपमाळेत गुंफले होते आणि नखांच्या कडांना तो चुना तसाच होता, इतकी वर्षं झाली तरी. मागच्या आठवड्यात मामींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक पोतं काढलं. मला वाटलं जाळं असेल. तोंड सोडलं तर आत हात. सगळे अर्धे, सगळे कोपरात वाकलेले, पिवळे पडलेले, एकात एक बसवून ठेवलेले. प्रत्येकावर बाहेरून पेन्सिलीनं नाव आणि तारीख. मामींनी वरचाच काढून माझ्या हातात दिला, माझा. आतला कापूस कधीच काढून टाकलेला होता. मी तो उजेडाला धरला. आतल्या बाजूला, बरोबर माझं हाड मोडलं होतं त्या जागी, चौथीतल्या मुलासारख्या ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं, "बाई पडल्या नाय." मी बाहेर बसून सुंदर अक्षरात काय लिहिलं होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे. मी मामींच्या मांडीवर डोकं ठेवून जी रडले ती त्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं रडले.

मामी मला थोपटत होत्या आणि पोत्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सगल्यांना तो सांगायचा, लागलं तर न्यायला या. एवढ्यातली तूच एक आलीस गं बाय. बाकीची कोन आलीच नाय." मग म्हणाल्या, "मी आता म्हातारी झाली. ह्याचं काय करू? टाकवत नाय, चुलीत घातलं तर जळत बी नाय."

पोतं मी माझ्याकडे आणलंय. माझ्या खोलीत कपाटावर आहे. सगळे हात बाहेर काढून बघितले, सगळ्यांच्या आत लिहिलेलं आहे, तेच, प्रत्येकीच्या नावानं. नावं मी इथे देणार नाही. पण ज्यांची आहेत त्यांना आपली आठवत असतील. मी माणिकपुरातच राहते, शाळेत विज्ञानाच्या बाई म्हणून कुणालाही विचारा. शनिवारी दुपारनंतर घरीच असते. लागलं तर न्यायला या. पाय शाबूत आहेत तोवर या.